तांबड्या माशाची वारसनोंद

आमची उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. सातबाराचे उतारे, फेरफार, वाटणीपत्रकें आणि वारसांचे तंटे यांखेरीज दुसरें कांहीं फारसें आमच्या हातून गेलें नाहीं. अशा माणसानें माशांच्या आनुवंशिक शास्त्राविषयीं लिहावें याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यांत या विषयावरील थोडेंबहुत वाचन घडलें, आणि वाचतां वाचतां आमच्या ध्यानांत आलें कीं, हें प्रकरण आपल्याच दप्तरांतलें आहे. कोण कोणाचा वारस, कोणाचा हिस्सा केवढा, कोणाची नोंद राहून गेली व ती राहिल्यामुळें काय बुडालें, एवढाच त्यांतील प्रश्न आहे. बियाणें आणि वळू सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास तर तो कारकुनाहूनही अधिक जवळचा वाटावा.

आमचें घर खारजमिनीच्या पट्ट्यांतलें. पूर्वीं आमच्या खाचरांतून राता भात होत असे. काळा राता आणि भुरा राता असे त्याचे दोन प्रकार. तांदूळ जाडा व तांबूस, बाजारांत भाव कमी. परंतु बांध फुटून खारें पाणी शिरलें तरी पीक उभें राही. अधिक उताऱ्याचें नवें बियाणें आलें तेव्हां आम्हीही तें पेरलें, व त्यांत आमची चूक झाली असें आम्ही म्हणत नाहीं. चार वर्षें पीक उत्तम आलें. पांचव्या वर्षीं उधाणानें बांध फुटला. नवें भात जळून गेलें, आणि आतां राता लावूं म्हटलें तर आमच्या कणगींत मूठभरही दाणा नव्हता. शेजारपाजारीं विचारलें, त्यांच्याकडेही नव्हता. ज्या वस्तूची आपण कधीं मोजदाद ठेवली नव्हती ती नेमकी केव्हां संपली हेंही कोणास सांगतां येईना. पुढें जी हकीकत सांगावयाची आहे ती अशाच प्रकारची आहे; मात्र तेथें कणगी रिकामी होण्याच्या अगदीं आधीं कोणाला तरी जाग आली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयडाहो नांवाचें एक डोंगराळ राज्य आहे. तेथील सॉटूथ पर्वतांत, समुद्रसपाटीपासून सुमारें 2,000 मीटर उंचीवर, रेडफिश म्हणजे ‘तांबडा मासा’ याच नांवाचें एक तळें आहे. सॉकाय जातीचे सॅमन मासे शरद ऋतूंत तेथें अंडीं घालावयास येत, तेव्हां त्यांच्या लाल अंगांनीं कांठचें पाणी तांबडें दिसे, यावरून तें नांव पडलें. या माशाचा जीवनक्रम विलक्षण आहे. तळ्याच्या कांठच्या खडींत तो जन्मतो, एकदोन वर्षें तळ्यांत वाढतो, नंतर वसंतांतील पुराबरोबर सॅमन, स्नेक व कोलंबिया या तीन नद्यांतून पॅसिफिक महासागरास जाऊन मिळतो. समुद्रांत बहुधा दोन वर्षें चरून पुष्ट झाल्यावर तो परत फिरतो आणि अन्नपाणी वर्ज्य करून सुमारें 1,450 किलोमीटर उलटा प्रवाह चढत आपल्या जन्मस्थळीं येतो. तेथें अंडीं घालून झालीं कीं मरतो. वाटेंत दुसरीं शेंकडों तळीं व ओढे लागले तरी तो त्यांकडे वळत नाहीं. पंढरीच्या वारकऱ्यानेंही इतकी नेमानें वाट धरली असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

1955 साली या तळ्यावर 4,361 मासे परतल्याची मोजणी आहे. पुढें कोलंबिया व स्नेक या नद्यांवर एकामागून एक धरणें उभीं राहिलीं. 1938 सालचें बॉनव्हिल हें त्यांतील सर्वांत खालचें, आणि 1975 सालचें लोअर ग्रॅनिट हें वाटेंतील शेवटचें. अशीं एकंदर आठ धरणें या माशाच्या वाटेवर आहेत. वर चढणाऱ्या माशांसाठीं पायऱ्या बांधल्या होत्या, पण खालीं उतरणारीं बोटभर पिल्लें यंत्रांत व सांचलेल्या संथ पाण्यांत मरत. 1990 साली तळ्यावर एकही मासा परतला नाहीं.

त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत शोशोनी-बॅनॉक या तेथील मूळ रहिवाशांनीं सरकारकडे अर्ज केला. हा मासा पिढ्यान्‌पिढ्या त्यांचें अन्न होता. 1973 सालच्या कायद्यान्वयें नष्ट होऊं घातलेल्या जीवांस जें संरक्षण मिळतें तें यास मिळावें, अशी त्यांची मागणी होती. अर्ज साधा, पण त्याचे परिणाम मोठे होते. मासा यादींत चढला म्हणजे धरणांतून पाणी केव्हां व किती सोडावयाचें हें माशाची सोय पाहून ठरावयाचें; वीज, नौकांतून खालीं जाणारा गहूं आणि शेताचें पाणी या सर्वांवर त्याचा भार पडावयाचा. तेथील शेतकऱ्यांनीं नाराजी दाखविली, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. पाण्याचा वांटा कमी होणार असें कळल्यावर स्वस्थ बसणारा शेतकरी आम्हीं तरी आमच्या सर्व नोकरींत पाहिला नाहीं.

आतां वादाचा मुद्दा उपस्थित झाला, आणि तो हुबेहूब आपल्या वारसाच्या खटल्यासारखा होता. 1910 साली खाणीच्या कामासाठीं सॅमन नदीवर, तळ्याच्या खालच्या अंगास, सनबीम नांवाचें धरण बांधलें गेलें होतें. तें 1934 साली सुरुंग लावून फोडेपर्यंत माशांची वाट बहुतांशीं बंद होती. विरुद्ध पक्षाचें म्हणणें असें कीं, खरे समुद्रगामी सॉकाय त्या चोवीस वर्षांतच निर्वंश झाले. त्या तळ्यांत याच जातीचा, पण समुद्रास कधींच न जाणारा, लहान चणीचा मासा राहतो. त्यास कोकॅनी म्हणतात. (आपल्या कोकणाशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं.) शिवाय बाहेरचे कोकॅनीही पूर्वीं तळ्यांत आणून सोडलेले होते. तेव्हां 1934 नंतर जे मासे समुद्रांतून आले ते मूळ घराण्याचे नसून, वाट चुकून समुद्रास गेलेल्या कोकॅनीचीच संतति होय, आणि कोकॅनी तर तळ्यांत विपुल आहेत. मग संरक्षण कशाचें करावयाचें? म्हणजे मूळ खातेदार मयत, आणि वारस म्हणून उभा राहिलेला इसम तोतया, असा तो आक्षेप होता.

अशा खटल्यांत आम्ही जुने उतारे काढतों आणि गांवच्या म्हाताऱ्यांची जबानी घेतों. माशाला ना उतारा ना म्हातारा. त्याचा उतारा त्याच्या शरीरांतच लिहिलेला असतो, व तो वाचण्याची विद्या म्हणजेच समष्टि-आनुवंशिकी. एकेका प्राण्याचे गुणदोष पाहणें हें तिचें काम नव्हे. एका कळपांत, एका थव्यांत, एका तळ्यांत कोणकोणतीं जनुकें आहेत आणि प्रत्येकाचे निरनिराळे प्रकार शंभरांत किती जणांत आढळतात, याचा ती ताळेबंद मांडते. दोन समूहांत विवाहसंबंध असतील तर हें प्रमाण दोहोंकडे सारखें होत जातें. दर पिढीस थोडेसे जीव इकडून तिकडे गेले तरी तेवढें पुरतें. उलट एकाच तळ्यांत राहूनही दोघांचें प्रमाण अनेक जनुकांच्या बाबतींत स्पष्टपणें भिन्न दिसलें, तर त्यांचा बेटीव्यवहार फार काळापासून बंद आहे असें समजावें.

त्या काळीं ही तपासणी मुख्यत्वें प्रथिनांवरून होत असे. माशाच्या स्नायूचा किंवा काळजाचा अर्क पिष्टाच्या घट्ट थरांत ठेवून त्यांतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे एकाच प्रथिनाचे निरनिराळे प्रकार कमीअधिक अंतरापर्यंत सरकतात. त्या अंतरावरून जनुकाचा प्रकार ओळखतात. पुढें डीएनए या मूळ द्रव्याचेंच वाचन होऊं लागलें आणि परांच्या नखाएवढ्या तुकड्यावर काम भागूं लागलें. मासा मारावा लागत नाहीं, ही मोठीच सोय झाली.

सरकारी मत्स्यखात्याचे शास्त्रज्ञ रॉबिन वेपल्स यांनीं 1991 साली या कामीं एक कसोटी ठरवून दिली. समूह स्वतंत्र मानावयाचा तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: त्याचें प्रजनन इतरांपासून बऱ्याच अंशीं अलग असावें, आणि त्या जातीच्या वारशांत त्याचा स्वतःचा असा कांहीं महत्त्वाचा वांटा असावा. केवळ दिसण्यांत वेगळेपणा असून चालत नाहीं, आणि केवळ एकांत असूनही भागत नाहीं. आम्हांस ही कसोटी फार समंजस वाटते. तिच्या आधारानें, व पुरावा अपुरा असल्यामुळें संशयाचा फायदा माशास देऊन, 20 नोव्हेंबर 1991 रोजीं हा मासा यादींत घेण्यांत आला.

खरा पुरावा मागाहून हातीं आला. ओढ्यांत ऑगस्ट-सप्टेंबरांत अंडीं घालणारे कोकॅनी आणि समुद्रांतून येऊन तळ्याच्या कांठीं ऑक्टोबरांत अंडीं घालणारे सॉकाय यांच्या जनुकांचीं प्रमाणें अगदीं निराळीं निघालीं. मौज अशी कीं, त्याच कांठावर, त्याच ऑक्टोबरांत अंडीं घालणारा एक तिसरा लहानसा गट सांपडला. हे मासे समुद्रास गेलेले नव्हते. दिसावयास कोकॅनीसारखे, पण जनुकांनीं सॉकायच्या घराण्याचे. म्हणजे घराण्याची एक शाखा परगांवीं व्यापारास जाई आणि दुसरी घरींच मुळें धरून बसे. सनबीम धरणाच्या काळांत वंश टिकला असावा तो या घरबशा शाखेच्या आधारानें, असा तर्क त्यावरून करतां येतो. एवढें खरें कीं परतणारा मासा तोतया नव्हता. ओढ्यांतील कोकॅनी कितीही असोत, त्यांच्या भरंवशावर हा वंश सोडून देतां आला नसता.

वारस खरा ठरला. पण वारस उरले होते किती? 1991 साली चार मासे परतले, तीन नर व एक मादी. 1992 साली एकटा एक नर आला. लोकांनीं त्याचें नांव ‘एकाकी लॅरी’ ठेवलें. 1993 साली आठ, 1994 साली एक, 1995 साली एकही नाहीं, 1996 साली एक, 1997 साली पुन्हा शून्य, आणि 1998 साली एक. आठ वर्षांत मिळून 16. ते सगळे पकडून केंद्रांत नेले. त्यांच्या जोडीस तळ्यांतून समुद्राकडे निघालेलीं कांहीं पिल्लें व घरबशा शाखेचे कांहीं मासे घेतले, आणि त्यांवरून वंश पुढें चालविण्याचें ठरलें. लॅरीचें रेत, आपल्याकडे वळूचें गोठवितात तसें, गोठवून ठेवलें गेलें व पुढें वापरलें गेलें.

येथें शेतकऱ्यानें विशेष लक्ष द्यावें असा हिशेब आहे. गुरांचा आंकडा मोठा असला म्हणजे वंश सुरक्षित आहे असें आपण समजतों. तें खरें नाहीं. एका गांवांत 100 गाई व एकच वळू असेल, तर पुढल्या पिढीचें निम्में रक्त त्या एकट्या वळूचें असतें. शास्त्राचें गणित असें: नर व मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करावा, त्यास 4 नीं गुणावें, व दोहोंच्या बेरजेनें भागावें. 1 वळू आणि 100 गाई यांचें उत्तर साधारण 4 येतें. म्हणजे 101 जनावरांचा तो कळप वंशाच्या दृष्टीनें चार जनावरांएवढाच आहे. आणखी नियम असा कीं, या उत्तराच्या दुपटीनें 1 ला भागावें. तितका अंश दर पिढीस वैविध्यांतून गळून जातो. चाराचा कळप दर पिढीस आठवा हिस्सा गमावतो. पन्नासाचा केवळ शंभरावा. 1991 सालच्या तीन नर व एका मादीचें उत्तर 3 येतें. नुसत्या त्यांच्यावर काम चालविलें असतें तर पहिल्याच पिढीस सहावा हिस्सा गेला असता. गळालेला हिस्सा पुन्हा येत नाहीं. तो गेल्याचें त्या वर्षीं कळतही नाहीं. रोग येतो, पाणी तापतें, तेव्हां कळतें. आमच्या रात्याचें असेंच झालें.

म्हणून केंद्रांत प्रत्येक माशाच्या अंगांत तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण घालतात, त्याच्या पराचा तुकडा काढून जनुकांची नोंद करतात, आणि कोणाचें कोणाशीं किती जवळचें नातें आहे याचा तक्ता करून मगच जोड्या ठरवितात. भाऊबहीण टाळतात. एका मादीचीं अंडीं वांटून निरनिराळ्या नरांकडून फळवितात. सर्वांत कसोशीची गोष्ट ही कीं, प्रत्येक कुटुंबास पुढच्या पिढींत शक्य तो सारखाच वांटा देतात. ज्याचीं पिल्लें अधिक जगलीं त्याचींच पुढें चालवावीं, हा मोह आवरतात. एवढ्या समान वांटणीनें वर सांगितलेलें उत्तर जवळजवळ दुप्पट होतें, असें गणित सांगतें. आणि एवढा ऐवज एके ठिकाणीं ठेवणें धोक्याचें, म्हणून आयडाहोंतील ईगल येथें एक व शेजारच्या वॉशिंग्टन राज्यांत दुसरा, अशा दोन जागीं तो ठेवला गेला. महत्त्वाच्या दस्ताची नक्कल दुसऱ्या कचेरींत ठेवावी, हें ज्यांस अनुभवानें कळलें आहे त्यांस हें सांगावयास नको. आमच्या नोकरीच्या काळांत एका पावसाळ्यांत छपर गळून एका अख्ख्या गांवाच्या फेरफार-नोंदी भिजून गेल्या व त्यांची नक्कल कोठेंच नव्हती. ते तंटे अजून मिटलेले नाहींत.

परिणाम पाहूं. 1999 साली केंद्रांत वाढविलेल्यांपैकीं सात मासे समुद्रांतून परतले. 2010 साली 1,355 आले, आणि 2014 साली दीड हजारांहून अधिक. आणि जनुकांची पुन्हा मोजणी केली तेव्हां मूळ संस्थापक माशांच्या वैविध्यापैकीं सुमारें 95 टक्के शिल्लक असल्याचें आढळलें. इतक्या थोड्या माशांच्या आधारानें चालविलेल्या वंशांत इतकें उरावें, ही त्या नातेतक्त्याची करामत होय. नशिबावर सोडलें असतें तर असें झालें नसतें.

येथेंच थांबलों तर हकीकत गोड होईल, पण खरी होणार नाहीं. 2013 साली स्प्रिंगफील्ड येथें, दहा लाख पिल्लें वाढविण्याच्या उद्देशानें, एक नवें मोठें केंद्र उघडलें. पिल्लें गुबगुबीत निघालीं. परंतु तळ्याच्या ओढ्यांत सोडल्यावर तीं वाटेंतच मोठ्या संख्येनें मरूं लागलीं. वंशावळ बरोबर, खाणें बरोबर, रोग नाहीं. मग कारण काय? शोधाअंतीं असें निघालें कीं, केंद्राच्या विहिरीचें पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, आणि डोंगरावरचें वितळलेल्या बर्फाचें पाणी फार हलकें. एकांतून एकदम दुसऱ्यांत टाकल्याचा धक्का पिल्लांस सोसेना. पुढें त्यांस मधल्या प्रकारच्या पाण्यांत कांहीं काळ ठेवून मग सोडूं लागले. वाफ्यांतील रोप दुसऱ्या मातींत लावतांना आपण जी काळजी घेतों तीच ही. लाखों रुपयांच्या प्रयोगशाळांनाही ती चुकून चुकूनच उमगली, याचें आम्हांस मनांतून थोडें समाधान वाटलें, हें कबूल करतों.

दुसरा घाला 2015 सालचा. त्या उन्हाळ्यांत कोलंबियाचें पाणी 20 अंशांहून अधिक तापलें, आणि समुद्रांतून निघालेल्या रेडफिश तळ्याच्या माशांपैकीं आपल्या बळावर घरीं पोंचणारा शंभरांत एखादाच निघाला. ज्या थोड्यांस लोअर ग्रॅनिट धरणाशीं पकडून मोटारींतून वर नेलें ते मात्र वांचले. हौदांतला जपून ठेवलेला ऐवज त्या वर्षीं कामास आला, नाहींतर पुढच्या पिढीचें बीजच उरलें नसतें. परंतु वंशाची नोंद कितीही चोख असली तरी तिच्यानें नदी थंड होत नाहीं. धरणें तेथेंच आहेत, मासा अद्याप संकटग्रस्तांच्या यादींतच आहे, आणि स्नेक नदीवरचीं चार खालचीं धरणें ठेवावीं कीं काढावीं याविषयीं तेथील गहूं पिकविणारे, वीज वापरणारे व मूळ रहिवासी यांचा झगडा चालूच आहे. त्यांत कोणाचा पक्ष घ्यावा हें इतक्या दुरून सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मात्र वाद आतां मासा खरा कीं खोटा असा राहिलेला नाहीं. किंमत कोणी द्यावयाची, एवढाच तो आहे, आणि हाही लाभ लहान नव्हे.

आणखी एक उपयोग थोडक्यांत सांगतों. समुद्र हें माशांचें गायरान आहे. नद्या वेगळ्या, पण चरण्यास सगळे एकत्र; जाळें टाकणाऱ्यास कोणत्या नदीचा मासा आला हें कसें कळावें? ज्या नदींत मासा भरपूर तिच्याबरोबर दुबळ्या नदीचेही थोडके मासे जाळ्यांत जातात आणि ती नदी मुकाट्यानें ओस पडते. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागरांत याच सॉकाय जातीचे मासे अनेक नद्यांकडे एकत्र येतात. 2006 सालापासून तेथें पोर्ट मोलर जवळ चांचणीचीं जाळीं टाकून मिळालेल्या माशांचे नमुने ताबडतोब तपासतात, व मोजक्या दिवसांत कोणत्या नदीचे किती मासे येत आहेत याचा अंदाज बाहेर पडतो. त्याप्रमाणें कोणत्या नदीच्या मुखाशीं जाळें टाकूं द्यावयाचें आणि कोठें आवरावयाचें हें ठरवितां येतें. प्रत्येक नदीच्या जनुकांची नोंद आधीं करून ठेवली होती म्हणूनच हें शक्य झालें. कोरें रजिस्टर घेऊन बसणाऱ्यास ऐन हंगामांत कांहींच सांगतां आलें नसतें.

शेवटीं स्वतःच्या गरजेची एक गोष्ट. वाचकांपैकीं कोणाच्या खाजणांत अजून राता भात होत असेल, तर त्यांनीं आम्हांस या मासिकाच्या पत्त्यावर कळवावें. आम्ही योग्य मोबदला देऊन पांच शेर बीं नेऊं. मात्र तें एकाच खाचरांतल्या एका भरघोस चुडांतलें नसावें. निदान पन्नासएक निरनिराळ्या रोपांच्या लोंब्या, उंच-ठेंगण्या, लवकर व उशिरां पिकणाऱ्या, अशा प्रत्येकीचे सारखेच दाणे घेऊन तें गोळा केलेलें असावें, आणि त्यांतलें निम्में देणाऱ्यानें आपल्याच घरीं ठेवावें.